कानानं ऊठ

सकाळची सहा-चाळीसची पेठ–नाशिक.
शाळेच्या थांब्यावर बारा पोरी, एक मॅडम,
आणि पेपरात गुंडाळलेल्या नागलीच्या भाकरी.
वास आधी चढला, पोरी मागून.

मी पास बघते. अंगठा फोटोवरून फिरवते.
भोये. गावित. चौधरी. पुन्हा भोये.
मैदानात मुरूम तोच,
म्हणून गुडघेही तेच.

खिडकीतून ऐनाचा खांब दिसतो,
लहानू शिपायानं रोवला तेव्हापासून वाकडा.
विहिरीचा दोर ताणून तो फक्की टाकायचा.
‘रेघ वाकडी, तर पोरगी वाकडी धावंल.’
खांबाचं विचारलं
की तंबाखू मळायला घ्यायचा.

आमच्या शाळेत वाचनालय म्हणजे एक कपाट
आणि प्रयोगशाळा म्हणजे त्याच कपाटाचा खालचा कप्पा.
पण जूनमध्ये पाचवीला नाव घातलं
की खैरनार सर आधी पाय बघायचे, मग दाखला.
चपला खांबाशी काढायच्या. देवळासारख्या.
चपला असलेल्या.

व्हरांड्यातल्या पाटीवर आम्ही अजून आहोत,
निळ्या ऑइलपेंटमध्ये:
विभागीय उपविजेत्या.
पर्वता गावितमधला रफार रंगाऱ्यानं गाळला.
मी तिथं ‘पवता’ आहे.
कुणाला सांगायला गेले नाही.

धुळ्याला होता तो सामना.
एक गडी मारायचा, आणि घड्याळात
एक दीर्घ श्वास घेण्याइतका वेळ.
मी चौथ्या चौकोनात, उकिडवी, बोटं मातीत.
समोरून त्यांची उंच पोरगी वळली,
इतकी जवळून की तिच्या वेणीची रिबन दिसली,
एक पिवळी, एक लाल,
घाईत बांधलेली असणार.
मागून शेवंता आली.
पाठीला तिचा हात लागला,
हात नाही, हाताची ऊब,
आणि मी उठले.

खो नंतर आला.
शिट्टी त्याच्याही नंतर.
मधल्या त्या फटीतून
लाल रिबन निघून गेली.

येताना गाडीत कुणी बोललं नाही.
सावळघाटात शेवंतानं पेरू फोडला,
मोठा अर्धा मला दिला,
आणि बाहेर बघत बसली.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर, बेरजेच्या वर,
सरांच्या अक्षरात:
कानानं ऊठ. पाठीनं नको.
खाली नाव नव्हतं.
नाव असतं तर बरं झालं असतं, असं
काही वर्षं वाटत राहिलं.

मग लग्न, मग परीक्षा, मग बिल्ला.
खाकीत पाठ झाकली जाते, तरी
गर्दीत कुणाचा हात लागला
की मी अजून अर्धी उठते.

आज करंजाळीच्या पुढे
मॅडम दांड्याला धरून पोरींना विचारते,
‘कशानं उठायचं?’
‘कानानंऽ!’ गाडी दणाणते.
कोंबडीवाला म्हातारा दचकतो.
‘का पण?’ एक बारकी विचारते.
मॅडम थोडं थांबते.
‘होती म्हणे कुणीतरी. फार जुनी. फार चपळ होती.’

फार चपळ.
मी यंत्रातून कुणाचं तरी तिकीट काढते,
सुटे पैसे दोनदा मोजते,
दोन्ही वेळा चुकतात.

पेठ नाका गेला, सीबीएस आलं.
पोरी पिशव्या शोधत उतरल्या.
ती बारकी मात्र पुढच्या सीटच्या दांडीवर
कपाळ टेकवून झोपलेली,
दप्तर पोटाशी.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.
हलली नाही.
पुन्हा ठेवला, जरा दाबून.
नाहीच.
बरं शिकवलंय.

मग वाकले,
आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
तो शब्द मोठ्यानं म्हणाले.